एकल आणि वृंद : माडीवरची गिटार आणि मंडपातील साथसंगत

श्रावणातील व्रतवैकल्ये सरतात आणि भाद्रपदाच्या चाहुलीबरोबर घरोघरी निराळीच लगबग सुरू होते. मखर, आरास, मोदकांची पिठी ह्यांच्या जोडीला अलीकडे अनेक घरांतून आणखी एक तयारी कानी पडते. माडीवरच्या खोलीत दार लोटून घेऊन घरातील मुलगा वा मुलगी गिटारीवर एखादे भक्तिगीत घोळवीत असते. उत्सवात आळीच्या मंडपात मुलांचा ‘बँड’ उभा राहणार असतो आणि त्यात ह्या गिटारीस जागा मिळालेली असते. स्वयंपाकघरातून आई ऐकते आणि मनोमन सुखावते. पुढे उत्सवाची रात्र येते. दिवे लागतात, ध्वनिवर्धक खणखणू लागतात. बोटे तीच, तारा त्याच, गीतही तेच. परंतु माडीवरची ती गोडी मंडपात कोठे हरपली, ते कोणालाच उमगत नाही.

“बुवा, घरी इतके सुरेख वाजते, मग चार जणांत का बिघडते?” हा प्रश्न कीर्तन आटोपल्यावर अनेक माउलींनी आम्हांस केला आहे. आम्ही गिटारवादक नव्हे. आमचा जन्म झांज, पेटी आणि तबल्याच्या संगतीत गेला. परंतु घरी एकट्याने घोटलेले पद आणि साथीदारांसह सभेत उभे केलेले पद ह्यांतील अंतर आम्ही वर्षानुवर्षे मोजीत आलो आहोत, आणि वाद्य बदलल्याने ते अंतर बदलत नाही. म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे धाडस करतो.

प्रथम एक किल्मिष दूर करू. ‘बँड’ म्हटले की जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढे वरातीपुढचे डगलेवाले वाजंत्री उभे राहतात, आणि ‘गिटार’ म्हटले की परदेशी थेर आठवतात. वाद्याला जात नसते. त्यातून काय निघते ते पाहावे. उस्ताद अली अकबर खाँ ह्यांचे शिष्य पंडित ब्रिजभूषण काबरा ह्यांनी हीच गिटार आडवी मांडीवर घेऊन तिच्यातून रागविस्तार केला. १९६७ साली त्यांनी पंडित शिवकुमार शर्मा आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्यासह केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आजही घरोघरी ऐकली जाते. तेव्हा मुलाच्या हाती गिटार आहे ह्याची खंत कोणी करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर शोधण्यास सातासमुद्रापार जावयास नको; ते आपल्याच महाराष्ट्रात, देवगिरीस सापडते. तेराव्या शतकात यादवनृपती सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याचा आजोबा काश्मीरहून दक्षिणेस आलेला, आणि तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी. ह्या गृहस्थाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला. त्याच्या प्रकीर्णक अध्यायात गाणाऱ्यांचे तीन भेद सांगितले आहेत. एकटा गातो तो एकल; जोडीदारासह गातो तो यमल; समूहासह गातो तो वृंदगायक. तिन्हींना निरनिराळी नावे दिली, ह्याचा आमच्या मते अर्थ असा की ह्या तीन निरनिराळ्या विद्या आहेत. एक साधली की दुसरी आपोआप साधते असे नव्हे. माडीवरची गिटार ही एकलाची विद्या, मंडपातील बँड ही वृंदाची विद्या. आई ज्याला बिघाड समजते तो बहुधा बिघाड नसतोच. मुलगा एका विद्येची परीक्षा दुसऱ्या विद्येच्या वर्गात बसून देत असतो.

एकलाच्या विद्येचा महिमा थोडा नाही. गिटारीला सहा तारा. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत त्यांची इंग्रजी नावे ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा ई. सर्वांत जाड तारेला षड्ज मानले, तर पुढच्या तारा अनुक्रमे मध्यम, कोमल निषाद, कोमल गांधार, पंचम आणि वरचा षड्ज देतात. डाव्या हाताची बोटे पडद्यांवर अनेक तारा एकाच वेळी दाबून स्वरांचा गुच्छ बांधतात, त्यास कॉर्ड म्हणतात. उजवा हात त्याला लय देतो. आरंभी बोटांची अग्रे हुळहुळतात, मग त्यांना घट्टे पडतात. एका कॉर्डवरून दुसरीवर हात न अडखळता जाण्यास महिनोन्महिने लागतात. ही तपश्चर्या एकांतातच व्हावयाची. तेथे हसणारे कोणी नसते, वेळ आपल्या मुठीत असतो आणि चुकले तर पुन्हा आरंभ करता येतो.

परंतु नेमकी हीच सोय पुढे बेडी होते. चुकले की थांबावे, मागे यावे, पुन्हा धरावे, ही सवय बोटांना लागते. गीत मनुष्याची वाट पाहते असा समज घट्ट होतो. मंडपात गीत कोणासाठीच थांबत नाही. ड्रम पुढे निघालेला असतो, गायिकेने अंतऱ्याला हात घातलेला असतो, आणि आपला वादक मागच्या ओळीतील चुकलेला स्वर सुधारण्यात गुंतलेला असतो.

ह्याखेरीज मंडपात सृष्टीचे नियमही निराळे लागू होतात. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. लहानशा खोलीत त्याचे काही वाटत नाही. परंतु ३४ मीटर दूर असलेल्या कर्ण्यातून येणारा ठेका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे मात्रेचा पाचवा हिस्सा सरून गेला. त्या दूरच्या आवाजावर जो वाजवील तो मागे पडलाच म्हणून समजावे. ह्याकरिताच रंगमंचावर वादकांच्या पायाशी त्यांच्याकडे तोंड केलेले छोटे कर्णे ठेवतात. त्यांना मॉनिटर म्हणतात. शिवाय दिव्यांच्या उष्णतेने तारा सैलावतात आणि घरी मिळविलेला सूर उतरतो. भीतीने छातीचे ठोके वाढतात, आणि मनुष्याला नेहमीची लय संथ वाटून तो नकळत पळू लागतो. ह्यात कोणाचाच अपराध नाही. परंतु हे ठाऊक नसलेला मुलगा घरी येतो तो “मला येतच नाही” असे मानून, आणि पुष्कळदा गिटार कपाटामागे कायमची जाते. आम्हांस भय वाटते ते ह्याचे. स्वर चुकणे ही क्षुल्लक गोष्ट. स्वराची आवडच विझणे ही मोठी हानी.

शार्ङ्गदेवाने उत्तम वृंदाची गणती दिली आहे. मुख्य गायक चार, त्यांना साथ देणारे आठ, गायिका बारा, वेणुवादक चार आणि मृदंगवादक चार, असे बत्तीस जण. परंतु ह्या संख्येहूनही मोलाचे आहेत ते त्याने सांगितलेले वृंदाचे सहा गुण. ते आम्ही आजच्या बँडच्या संदर्भात सांगतो. सुज्ञ वाचकांनी ताडून पाहावे.

पहिला गुण, मुख्याच्या मागून जाणे. बँडमध्ये बहुधा गाणारा मुख्य असतो. त्याने श्वासासाठी किंचित विसावा घेतला तर गिटारीनेही घ्यावा. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत ज्या गोमंतकीय वादकांनी मोठी कामगिरी केली, त्यांतील अनेकांचे प्रथम शिक्षण गोव्यातील चर्चच्या शाळांत झाले होते. तेथे लिपीबद्ध स्वर वाचण्याबरोबरच दुसऱ्याच्या इशाऱ्यावर हात उचलण्याचे आणि हात आवरण्याचेही वळण लागे.

दुसरा गुण मिलन. आपला स्वर निराळा ओळखू येण्याची हौस सोडून तो इतरांत मिसळू देणे. तिसरा, तालाच्या लीलेला अनुसरणे. येथे ‘लीला’ हा शब्द मनात ठसवावा. घरी मुले मेट्रोनोम नावाच्या यंत्रावर सराव करतात. मेल्त्सेल नामक गृहस्थाने १८१५ साली त्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून ते जगभर टकटक करीत आहे. यंत्र उत्तम, पण ते कोणाचे ऐकत नाही. ड्रम वाजविणारा मनुष्य ऐकतो, खुलतो, क्वचित रेंगाळतो. त्याच्या लयीत जीव असतो, आणि जिवंत लयीशी जुळवून घेणे यंत्रापाशी शिकता येत नाही.

चौथा गुण आम्हांस सर्वांत प्रिय. एकमेकांचे तुटलेले सांभाळून नेणे. शार्ङ्गदेव त्याला ‘त्रुटितनिर्वाह’ म्हणतो. आमच्याच आळीतील एका उत्सवात आम्ही त्याचे प्रत्यक्ष दर्शन घेतले. गिटार वाजविणारा मुलगा बारावीतला. वडिलांचा ह्या प्रकाराला विरोध. “घरात हवे तेवढे वाजव, चारचौघांत हसे नको” असे त्यांचे म्हणणे. तरीही ते मंडपाच्या कडेला येऊन उभे होते. दुसऱ्या गीताच्या मध्यावर गिटारीची एक तार ताडकन तुटली आणि मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्यात पेटीवरच्या मुलीने त्याच्या कॉर्डचे स्वर आपल्या डाव्या बाजूला धरले, बास गिटारवाल्याने ठेका किंचित भरीव केला, आणि गाणारा धृपद पुन्हा एकदा घोळवू लागला. मुलाने चार आवर्तने हात आवरला, उरलेल्या पाच तारांवर कोठे काय सापडते ते चाचपले आणि समेवर पुन्हा प्रवेश केला. श्रोत्यांतील बहुतेकांना काही घडल्याची वार्ताही नव्हती. वडिलांनी मात्र सारे पाहिले होते. नंतर ते आम्हांस एवढेच म्हणाले, “बुवा, आमच्या पोराला त्यांनी पडू दिले नाही हो.” घरच्या खोलीत तार तुटली असती तर वाजविणे संपले असते. मंडपात तुटली म्हणून त्या मुलास संगतीचा अर्थ कळला, आणि त्याच्या वडिलांसही.

पाचवा गुण, मंद्र, मध्य आणि तार ह्या तिन्ही स्थानांत पोचण्याची शक्ती. एकटा वाजविणारा गिटारवादक अंगठ्याने खालचे स्वर, बोटांनी वरचे, असा सारा भार वाहतो. बँडमध्ये मंद्रस्थान बास गिटारीकडे असते. बहुधा चार तारांचे हे वाद्य गिटारीच्या खालच्या चार तारांच्या आणखी एक सप्तक खाली बोलते. तेथे गिटारवाल्याने खालचे स्वर हट्टाने वाजविले तर दोघांचा मिळून चिखल होतो. घरी जे सहा तारांवर भरून वाजवावे, ते वृंदात पुष्कळदा तीन तारांवरच शोभते. सहावा गुण, आवाजांचे सारखेपण. सर्वांचे सूर एकाच षड्जावर मिळालेले असावेत आणि कोणी कोणावर कुरघोडी करू नये.

आता गंमत पाहावी. ह्या सहांपैकी लयीची आणि तीन स्थानांची तयारी एकट्याने बऱ्याच अंशी करता येते. उरलेले चार गुण बंद खोलीत जन्मभर घोटले तरी अंगी बाणणार नाहीत, कारण त्यांत दुसरा मनुष्य असावाच लागतो. एकलाची विद्या हाताची, वृंदाची विद्या कानाची. माडीवर मुलगा वाजवायला शिकतो. मंडपात त्याला वाजविता वाजविता ऐकायला शिकावे लागते.

हा कान किती मोलाचा, ते जगातील एका अत्यंत गाजलेल्या बँडच्या कथेवरून दिसते. इंग्लंडमधील लिव्हरपूलचे बीटल्स हे तरुण १९६० पासून जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराच्या रात्रगृहांत रोज कित्येक तास वाजवीत राहिले आणि तेथे त्यांचा मेळ पक्का झाला. पुढे कीर्ती अशी वाढली की १९६५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पंचावन्न हजारांहून अधिक श्रोते लोटले. त्यांच्या किंकाळ्यांपुढे वादकांना स्वतःचेच वाद्य ऐकू येईना. पायाशी मॉनिटर ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती. पुढच्यांच्या अंगाच्या हालचालींवरून गीत कोठवर आले हे ओळखावे लागे, असे त्यांचा ड्रमवादक रिंगो स्टार ह्याने पुढे सांगितले. ऑगस्ट १९६६ नंतर त्यांनी तिकीट लावून कार्यक्रम करणे थांबविले. समोर हजारो श्रोते आणि एकमेकांना ऐकता येत नाही, तर तो वृंद कसला? ती तर चार एकलांची गर्दी!

हेच चौघे १९६८ च्या आरंभी आपल्या हृषीकेशास, गंगातीरी महर्षी महेश योगी ह्यांच्या आश्रमात आले. जवळ विजेवर चालणाऱ्या नव्हे, साध्या लाकडी गिटारी. तेथे डोनोव्हन ह्या गायकाने जॉन लेनन ह्यास बोटांनी एकेक तार छेडण्याची रीत शिकविली. त्या निवांतपणी त्यांनी पुष्कळ गीते रचली, आणि त्यांतील अनेक त्याच वर्षी नोव्हेंबरात निघालेल्या त्यांच्या दोन तबकड्यांच्या संचात आली. लाखोंनी डोक्यावर घेतलेल्या वादकांनाही पुन्हा एकांताकडे, एका मित्राच्या बोटांकडे पाहत बसण्याकडे यावे लागले. जे केवळ मंडपांतून वाजवितात आणि घरचा रियाज सोडतात, त्यांनी ह्याचा विचार करावा. मोठ्या आवाजाखाली कच्चा हात काही काळ झाकतो. कायमचा झाकत नाही.

दोन्ही विद्या जेथे एकत्र आल्या, तेही उदाहरण सांगतो. पंडित रविशंकर ह्यांचे शिष्य पंडित विश्वमोहन भट्ट ह्यांनी गिटारीला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली. १९९२ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात सांता बार्बरा येथील एका प्रार्थनागृहात त्यांनी तेथील गिटारवादक राय कूडर ह्यांच्यासह ध्वनिमुद्रण केले. दोघांची प्रथम भेट त्यापूर्वी थोडाच वेळ झाली होती. तालीम अशी नव्हतीच. तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी होते, आणि डुंबेक नावाच्या चर्मवाद्यावर कूडर ह्यांचा चौदा वर्षांचा मुलगा. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ह्या त्या ध्वनिमुद्रिकेस १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार लाभला. ऐकताना जाणवते की कोणी कोणाला जिंकावयास निघालेला नाही. एकजण बोलतो, दुसरा वाट मोकळी करून देतो. तालमीविना हे साधले, कारण दोघांपाशी वर्षानुवर्षांचा एकांतातील रियाज होता आणि दुसऱ्यास ऐकणारा कानही होता. आणि चौदा वर्षांच्या मुलाला वडिलांनी “तू मोठा झाल्यावर ये” असे म्हटले नाही, हेही घरोघरच्या वडिलांनी ध्यानी घ्यावे.

मग घरच्यांनी करावे काय? शार्ङ्गदेवाच्या तीन भेदांतील मधला भेद आपण विसरतो, तो आठवावा. एकलातून एकदम वृंदात उडी घेणे कठीण. मध्ये यमलाची पायरी आहे आणि ती घरातच आहे. आईने पद म्हणावे, मुलाने साथ करावी. आईचा स्वर काळी चारचा असेल, तर मुलाने गिटारीच्या मानेवर चिमटा लावून तारा त्या स्वरास मिळवाव्यात. तिने आपला स्वर सोडून गिटारीकडे येऊ नये. ती कोठे श्वास घेते, कोठे ओळ लांबविते, हे त्याने ऐकावे. हीच मुख्याच्या मागून जाण्याची पहिली तालीम. रोज एकदा तरी एक गीत आरंभापासून अखेरपर्यंत, काहीही चुकले तरी न थांबता वाजवावे आणि घरातील कोणीतरी समोर बसून ते ऐकावे. चुका मोजू नयेत. त्या उद्याच्या रियाजात मोजता येतील.

आणि घरची आरती तर यमलाकडून वृंदाकडे नेणारा राजमार्गच होय. आजोबांच्या हाती झांज, धाकटीच्या हाती टाळ, कोणी टाळ्या वाजवितो, कोणी एक ओळ पुढे पळतो, तर कोणी मागे रेंगाळतो. समर्थांच्या आरतीची चाल कोणाला शिकवावी लागत नाही, तरी दर वर्षी लय जमवावी लागते. ह्या वेळी गिटार खोलीत न ठेवता देवापुढे आणावी. तेथे कोणी परीक्षक नसतो, आणि चुकलेल्याला सांभाळून घेण्याची रीत तर आरतीच्या रक्तातच आहे.

मंडपात जाण्याची वेळ येईल तेव्हा मुलांनी दिवे लागल्यावर पुन्हा एकदा तारा मिळवाव्यात, ध्वनिक्षेपकवाल्यास विनवून पायाशी एक कर्णा मागून घ्यावा, ड्रम आणि गाणारा दिसेल असे उभे राहावे, आणि आपला आवाज जरा कमीच ठेवावा. दुसऱ्याचे ऐकू येते तोवर आपले बरोबर चालले आहे, ही खूणगाठ बांधावी. वडीलधाऱ्यांनीही टाळ्या किती पडल्या हे विचारू नये, “कोणाची साथ आवडली?” असे विचारावे. ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलाला चटकन देता येईल, तो वृंदाचा झाला म्हणून समजावे. आणि एखाद्याला मंडपात जावेसेच वाटले नाही, आपल्या खोलीतील एकांतच त्यास प्रिय असेल, तर त्याला ओढून नेऊ नये. एकल हीही विद्याच आहे, आणि तिला टाळ्यांची अपेक्षा नसते.

वाचकहो, जो श्रीगजानन आपल्या घरी एका पाटावर विराजतो, तोच आळीच्या मंडपात सहस्रावधी भक्तांपुढे विराजतो. तो गणांचा अधिपती आहे; समूह सांभाळणे हे त्याचे ब्रीदच. माडीवर एकट्याने छेडलेली तार त्याला ऐकू येते आणि मंडपातला गजरही. आपल्या मुलांच्या बोटांना त्याने एकांतात स्थिरता द्यावी, समुदायात त्यांच्या कानांना नम्रता द्यावी, आणि कोणाची तार तुटलीच तर सांभाळून नेणारे सोबती त्यांना जन्मभर लाभावेत, एवढेच त्याच्या चरणी मागणे.